जुन्या जीपच्या हेडलाइट परत परत मंद होतात, बल्ब बदलून उपयोग नाही : दोष कुठं सापडला ते सविस्तर

आमच्याकडं १९९७ ची डिझेल जीप आहे, काकांची, गोल मोठ्या हेडलाइटवाली. गुहागरपासून आत गाव, त्यामुळं खारी हवा बारा महिने आणि पाऊस तर विचारूच नका. महिन्यातून दोनतीनदा कुंभार्ली घाटातून कऱ्हाडला जावं लागतं आणि परतताना बहुतेक वेळा रात्रच होते. घाटात धुकं, वरून पाऊस, आणि समोर हेडलाइटचा उजेड असा पिवळट की रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टासुद्धा दिसत नाही. तीन पावसाळे आम्ही असेच काढलेत. म्हणून हे सगळं लिहितोय, कारण जुनी गाडी ज्यांच्याकडं आहे त्यातल्या बऱ्याच जणांचं हेच दुखणं असतं आणि सगळे आमच्यासारखेच बल्बवर पैसे घालत बसतात.

आम्ही काय काय केलं ते आधी सांगतो. पहिल्यांदा बल्ब बदलले, ६०/५५ वॅटचे (अपर म्हणजे लांबचा झोत ६०, डिपर म्हणजे खालचा जवळचा झोत ५५), चांगले. आठवडाभर बरं वाटलं मग परत तेच. मग एका वायरमननं सांगितलं की मोठे बल्ब टाका, १००/९० चे, लख्ख पडेल. टाकले. पहिल्या रात्री खरंच जास्त उजेड वाटला, पण दुसऱ्या फेरीला पाटणच्या पुढं डॅशबोर्डमधून जळल्याचा वास यायला लागला, लाइट बंद करून स्विचला हात लावला तर चटका बसला. ते बल्ब तिथंच रस्त्यात काढले आणि जुने लावले. त्यानंतर बॅटरी नवीन. तिचाही काही संबंध नव्हता, पण हे नंतर कळलं. प्रत्येक वेळी काय व्हायचं, कुणीतरी कपलर, म्हणजे बल्बच्या मागं बसणारा वायरींचा जोड, हलवायचा, काढून परत बसवायचा, त्यानं घासून जरा कॉन्टॅक्ट यायचा आणि चार दिवस लाइट बरी चालायची, आणि आपल्याला वाटायचं नव्या बल्बनं काम झालं. दुखणं परत परत का यायचं त्याचं खरं कारण हेच.

आता मुद्द्याचं. बल्बला किती व्होल्ट पोचतात यावर उजेड ठरतो आणि हा हिशोब सरळ नाही. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड १० टक्के कमी होत नाही, जवळजवळ ३० टक्के कमी होतो. म्हणजे वाटेत कुठं दीड-दोन व्होल्ट गळाले की तिसरा हिस्सा ते निम्मा उजेड गेलाच, आणि बल्ब मात्र एकदम चांगला असतो. जुन्या गाडीत वायर, स्विच, डिपरचा स्विच, फ्यूज, कपलर, अर्थ (बॉडीच्या पत्र्यातून करंट बॅटरीकडं परत जायची वाट) असे आठ-दहा जोड असतात आणि प्रत्येक जण थोडं थोडं खातो. गाडी नवी असताना कळत नाही, पंचवीस वर्षांनी कळतं.

मीटर लावायच्या आधी नुसतं बघूनच निम्मं निदान होतं. इंजिन चालू करा, रात्री भिंतीसमोर गाडी लावा, लाइट लावा आणि कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा. दोन्ही दिवे आयडलला मंद आणि रेस केल्यावर चांगले वाढत असतील तर चार्जिंगकडं बघा, म्हणजे अल्टरनेटर, त्याचा बेल्ट, रेग्युलेटर. पावसात बेल्ट किरकिरतो ना स्टार्ट केल्यावर, तो सैल असला तर लाइट, वायपर, ब्लोअर एकदम लावले की बॅटरीवरच सगळा भार येतो. आयडलला अगदी थोडं कमी-जास्त होणं जुन्या गाडीत चालायचंच, त्याची काळजी नको. दोन्ही दिवे सारखेच मंद आणि रेस करूनही फारसा फरक नाही, तर दोष दोघांना सामाईक अशा जागी, म्हणजे स्विच, डिपर किंवा बॅटरीकडून येणारी मेन वायर. आणि एकच दिवा मंद, दुसरा बरा, तर त्या बाजूचा अर्थ किंवा कपलर, यात शंभरात नव्वद वेळा अर्थच निघतो असं माझं मत झालंय.

आमच्याकडं दोन्ही मंद होते पण डावा जास्तच. आणि अजून एक विचित्र गोष्ट होती जी आम्ही दोन वर्षं बघत होतो पण कारण कळत नव्हतं. डिपरवर चालताना खड्डा आला की डॅशबोर्डवरचा अपरचा निळा दिवा हळूच मिणमिणायचा. अपर लावलेलाच नाही तर निळा दिवा कसा? याचं उत्तर असं की डाव्या दिव्याचा अर्थ हिसक्यानं पूर्ण सुटायचा. मग डिपरच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला बॅटरीकडं परत जायला वाट राहत नाही, तो त्याच बल्बच्या अपरच्या फिलामेंटमधून उलटा अपरच्या वायरीत शिरतो आणि तिथून उजव्या दिव्याच्या अपर फिलामेंटमधून अर्थला जातो, आणि वाटेतच तो निळा दिवा जोडलेला असतो म्हणून तोही पेटतो. पाणी कसं, एक नाली तुंबली की दुसरीतून उलटं येतं, तसंच. तुमच्या गाडीत असं काही ‘भुताटकी’सारखं दिसत असेल, एक लावलं की दुसरंच पेटतंय, तर डोळे झाकून आधी अर्थ बघा.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, डीसी २० व्होल्टवर लावायचा. आधी बॅटरी बघा. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी १२.६ च्या आसपास पाहिजे, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. त्यापेक्षा बरंच कमी असेल तर आधी चार्जिंग नीट करा, बाकी सगळं नंतर. आणि १५ च्या वर जात असेल तर बल्ब सारखे उडायचं कारण तेच आहे, रेग्युलेटर गेलाय.

यापुढची टेस्ट कुठलाच वायरमन आमच्यासमोर करत नव्हता आणि माझ्या मते सगळ्यात कामाची तीच आहे. लाइट चालू ठेवायची, कपलर बल्बला लावलेलाच ठेवायचा. कपलर काढून मीटर लावला की मीटर फसवतो. का, तर करंट वाहत नसेल तर वाटेत काही गळत नाही, वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो सप्लाय तर येतोय. तोच प्रकार बझर लावून कंटिन्युइटी बघण्याचा, बझर वाजतो, सगळं ठीक वाटतं, पण त्या एका तारेतून ५ अँपिअर जाऊ शकत नाहीत. म्हणून भार चालू असताना मोजायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी कपलरच्या मागून डिपरच्या पिनला टेकवायची. जो आकडा येईल तो प्लसच्या वाटेत गळालेला. मग एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी कपलरच्या मागून अर्थच्या पिनला. जो आकडा येईल तो परतीच्या वाटेत गळालेला. प्लसकडं अर्ध्या व्होल्टच्या आत आणि अर्थकडं ०.२ च्या आत असेल तर चांगलं समजायचं.

आमचे आकडे काकांनी बोनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलेत, अजून आहेत. इंजिन चालू, लाइट चालू, बॅटरीवर १३.७. प्लसच्या वाटेत दोन्हीकडं १.७ गळती. उजव्याच्या अर्थमध्ये ०.१५, डाव्याच्या अर्थमध्ये १.१. म्हणजे उजव्या बल्बला ११.८५ मिळत होते आणि डाव्याला १०.९. डावा बल्ब निम्म्याच उजेडावर चालत होता आणि आम्ही तीन वर्षं त्यालाच शिव्या घालत होतो.

डाव्या अर्थपासून सुरुवात केली. हेडलाइटची रिंग काढली, मागं तिसरी काळी वायर एका थिंबलनं (वायरीच्या टोकाला लावायचं धातूचं कडं) आतल्या पत्र्यावर बोल्टनं बसवलेली. वरून बघितलं तर बोल्ट एकदम घट्ट, कुणाला शंका येणार नाही. १० नंबरच्या पान्यानं उघडला तर खाली काय, थिंबलखाली सरळ रंग! चार वर्षांपूर्वी डावं मडगार्ड डेंटिंग-पेंटिंगला गेलं होतं, तिथं सगळं रंगवलं आणि बोल्ट रंगावरच आवळला. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांतून आणि आट्यात गंज चढलेला. पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, थिंबल नवीन लावली, मध्ये दातेरी वॉशर घातला म्हणजे तो धातूत रुततो, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा जाड थर दिला. जेली वरून द्यायची, आधी कॉन्टॅक्ट धातूला धातू झाला पाहिजे. परत मोजलं तर ०.१. पंधरा मिनिटांचं काम. ज्यांनी कुणी गाडी रंगवून घेतली असेल त्यांनी हे जरूर बघा, रंगकाम झाल्यावर सगळे अर्थ पॉइंट उघडून घासायचे, पेंटरला त्याच्याशी देणंघेणं नसतं, आपणच करायचं.

बॅटरीच्या मायनसची जाड पट्टी पण सोडू नका. ती एक बॉडीला आणि एक इंजिनला असते, आमची इंजिनची पट्टी विणलेली होती आणि निम्म्या तारा पांढऱ्या भुकटीत गेल्या होत्या. बदलली.

मग प्लसकडची १.७. मीटरची एक पिन बॅटरी प्लसवरच ठेवून दुसरी एकेक जोड पुढं सरकवत गेलो. फ्यूजपर्यंत ०.३, हेडलाइटच्या स्विचच्या इनपुटला ०.४, आणि स्विचच्या आउटपुटला एकदम १.२. म्हणजे एका स्विचमध्येच ०.८ गेले. डिपरच्या स्विचनं ०.३ खाल्ले, बाकी वायरीनं. स्विच बाहेर काढला, तो ओढायचा जुना प्रकार, मागचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, एक टर्मिनल निळंजांभळं झालेलं आणि त्याच्या वायरीचं इन्सुलेशन नखानं दाबलं तर बिस्किटासारखं तुटत होतं. ते १००/९० चे बल्ब आम्ही त्याच स्विचवर चालवले होते. दोन्हींचा मिळून सोळा-सतरा अँपिअर करंट त्यातून जात होता, तरी आग लागली नाही हे नशीब.

स्विच नवीन टाकून काम झालं असतं, पण चार-पाच वर्षांनी परत तेच. मूळ अडचण अशी की जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत येतो, स्विचमधून, डिपरमधून फिरतो आणि परत पुढं जातो. ती लांब वाट आणि ते नाजूक कॉन्टॅक्ट. म्हणून रिले टाकले, दोन, एक अपरचा एक डिपरचा. रिले म्हणजे आतल्या कॉइलला थोडा करंट दिला की मोठा करंट चालू करणारा स्विच. रिलेवर आकडे लिहिलेले असतात. ३० ला बॅटरीच्या प्लसकडून थेट जाड वायर, २.५ चौरस मिलिमीटरची घ्या, त्यापेक्षा बारीक नको. ८७ मधून दोन्ही बल्बला. ८५ आणि ८६ ही कॉइल, त्यातल्या एकाला अर्थ आणि दुसऱ्याला पूर्वी जी वायर बल्बला जायची ती. आता स्विचमधून फक्त कॉइलपुरता करंट जातो, जेमतेम ०.१५ अँपिअर, जुना स्विचसुद्धा तेवढ्यावर आरामात चालतो. मूळ वायरिंग कापायची गरज नाही, जुन्या कपलरमध्ये बसणारी मेल पिन मिळते तिथून घ्यायचं, म्हणजे उद्या काही झालं तर दोन मिनिटांत पहिल्यासारखं करता येतं.

फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरात, प्रत्येक रिलेला वेगळा १५ अँपिअरचा, निळा. वेगळा यासाठी की एक उडाला तर दुसरी लाइट राहते. घाटात वळणावर दोन्ही एकदम गेल्या तर काय होईल ते मला सांगायला नको. आणि कृपा करून फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळू नका. ‘तात्पुरतं’ म्हणून लावलेली तार पाच वर्षं तिथंच राहते आणि मग जळते ती वायरिंग. रिले बसवताना पिना खाली तोंड करून बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही, आपल्याकडच्या पावसात हे फार महत्त्वाचं. काम सुरू करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढायचा, शेवटी लावायचा.

सगळं झाल्यावर परत मोजलं. बल्बवर दोन्हीकडं १३.२ च्या आसपास. तेच जुने ६०/५५ चे बल्ब, पण उजेड पांढरा. एक करायचं राहिलं होतं ते दुसऱ्या रात्री कळलं, समोरचे सगळे डिपर मारायला लागले. आधी उजेडच नव्हता म्हणून दिवे वर झालेत हे कळत नव्हतं. गाडीत नेहमीइतकी माणसं बसवून सपाट जागी भिंतीसमोर लावली आणि दोन्ही दिव्यांचे स्क्रू फिरवून डिपरचा झोत खाली घेतला. हे विसरू नका, आपल्याला दिसतंय म्हणून समोरच्याला आंधळं करायचं नाही.

बरेच जण म्हणतील एवढं कशाला, एलईडी टाक. मला ते पटत नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवला की प्रकाश नको तिकडं फाकतो, जवळ लख्ख दिसतं आणि लांबचं दिसत नाही, धुक्यात तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. शिवाय एलईडी कमी करंट घेतो म्हणून खराब अर्थ तसाच झाकून राहतो. रिफ्लेक्टरचीच चांदी गेली असेल, आत काळं-पिवळं दिसत असेल, तर मात्र वायरिंग कितीही करा उपयोग नाही, पूर्ण दिवाच बदला.

मागच्या दिव्यांचं पण सांगतो कारण तिथंही कारण तेच निघालं. आमचं असं व्हायचं की पार्किंग बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे अंधुक पेटायचे, आणि पार्किंग लावून ब्रेक दाबला की उजवा मागचा दिवा वाढायच्या ऐवजी चक्क विझायचा. मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ब्रेकचं २१ वॅट आणि टेलचं ५, दोघांना अर्थ एकच, बल्बच्या बुडाच्या पत्र्यातून. तो अर्थ गेला की ब्रेकचा करंट ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा पार्किंगच्या वायरीत जातो, म्हणून डॅशबोर्ड पेटतो. आणि दोन्ही चालू असले की दोन्हीकडून १२ व्होल्टच येतात, उतरायला जागाच नाही, म्हणून अंधार. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपण ब्रेक मारलाय हे कळतच नाही, यापेक्षा धोक्याचं काय? होल्डर काढून आतला हिरवा गंज खरवडला, स्प्रिंग बसली होती ती जरा ओढून घेतली, आणि होल्डरपासून चॅसिपर्यंत अर्थची वेगळी वायर टाकली. जुन्या गाडीत होल्डर ज्या पत्र्यावर बसतो तो पत्राच गंजलेला असतो, त्याच्या भरवशावर राहू नये. बल्ब बसवताना त्याच्या दोन खुंट्या वरखाली असतात ते बघून बसवा, जोर करून उलटा बसवला तर टेलच्या जागी ब्रेक सारखा पेटत राहतो.

इंडिकेटरचं थोडक्यात. जुना दोन पायांचा गरम होऊन लुकलुकणारा फ्लॅशर असेल तर एक बल्ब गेला की तो लुकलुकणं थांबवून नुसता पेटून राहतो किंवा फार हळू होतो. इलेक्ट्रॉनिक असेल तर भराभर लुकलुकतो. दोन्हीचा निरोप एकच, त्या बाजूला भार कमी पडतोय, बल्ब गेलाय किंवा अर्थ नीट नाही. फ्लॅशर बदलायच्या आधी दोन्ही बल्ब बघा.

शेवटचं, पावसातच उडणारा फ्यूज. पार्किंगचा फ्यूज उन्हाळ्यात कधी उडायचा नाही आणि जून लागला की दर आठवड्याला. फ्यूजवर फ्यूज जाळत बसू नका, एक युक्ती आहे. त्या सर्किटचे सगळे बल्ब काढून ठेवा आणि फ्यूज काढून त्या जागेच्या दोन टोकांमध्ये २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. शॉर्ट नसेल तर तो पेटणारच नाही, कारण भार काढलाय. पेटला म्हणजे कुठंतरी वायर बॉडीला लागतेय. मग तो बल्ब समोर ठेवून एकाला बघायला बसवा आणि वायरिंग पुढून मागं हलवत जा. आमच्याकडं मी मागच्या दाराच्या बिजागरीपाशी वायर हलवली आणि पुतण्या ओरडला, ‘काका, विझला!’ नंबरप्लेटच्या दिव्याची वायर तिथं दार उघडून-मिटून सोलली गेली होती, सुकी असताना लागत नव्हती, पाणी आणि चिखल बसला की लागायची. तेवढा तुकडा बदलला, वर रबरी नळी चढवली आणि दार पूर्ण उघडल्यावर ताण येणार नाही एवढी ढील ठेवली. त्या पावसाळ्यात एकही फ्यूज गेला नाही.

टेस्ट लॅम्प वापरताना वायरीच्या इन्सुलेशनला टोचून बघायची सवय असेल तर ती सोडा. तेवढ्या भोकातून खारं पाणी आत जातं आणि वर्षभरात आतलं तांबं काळं पडतं, बाहेरून काहीच दिसत नाही. कपलरच्या मागूनच मोजा. आणि मोजलेले आकडे तारखेसह कुठंतरी लिहून ठेवा. आम्ही आता मे संपताना आणि दिवाळीच्या आधी असं दोनदा मोजतो, मागच्या वेळी उजव्याचा अर्थ ०.१५ वरून ०.३५ वर गेलेला दिसला, डोळ्यांना उजेडात काहीच फरक नव्हता, तरी उघडून घासून ठेवला.